खूणसाहेबांची ओळख पटेना

सोमवारी सकाळी सव्वानऊ वाजता संगणकाने खूणसाहेबांना ओळख दाखवायला साफ नकार दिला.

'नाव किंवा पासवर्ड चुकीचा आहे,' अशी लाल अक्षरे पडद्यावर उमटली. खूणसाहेबांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने पुन्हा चार आकडे दाबले. एक, पाच, आठ, आठ. नोकरीला लागल्या दिवशी मिळालेल्या बिल्ल्याचा हा नंबर. झोपेतून उठवून विचारला असता तरी त्यांनी तो न अडखळता सांगितला असता. अकरा वर्षे रोज सकाळी हेच चार आकडे दाबून त्यांनी हे यंत्र जागे केले होते. आज मात्र लाल अक्षरे जागची हलेनात.

आदल्या दिवशी, रविवारी, सगळ्या डेपोंच्या संगणकांवर नवी सिस्टिम चढवली होती. संगणकवाला दिवसभर खपला होता. जाताना त्याने टेबलावर नवा कोरा कीबोर्ड मांडला आणि जुने सामान वर्तमानपत्रात गुंडाळून बरोबर नेले. नवा कीबोर्ड खूणसाहेबांना पहिल्या नजरेतच आवडला नव्हता. त्याच्या कळा नको इतक्या मऊ होत्या. जुन्यावर कसे, बोट आपटावे लागायचे. काम केल्यासारखे वाटायचे.

बस डेपोच्या एका टोकाला, टायरच्या गोदामाला चिकटून, 'हरवले-सापडले' अशी पाटी असलेली खोली होती आणि एकोणीस वर्षे ती खोली म्हणजे खूणसाहेब होते. उतारू जे जे बसमध्ये विसरत, ते ते संध्याकाळपर्यंत इथे जमा होई. खूणसाहेब हे नाव अर्थातच ड्रायव्हर-कंडक्टर मंडळींनी ठेवलेले. कारण वस्तू न्यायला आलेला माणूस दारात उभा राहायच्या आत त्याच्या कानावर दोन शब्द पडत, "खूण सांगा."

आणि खूण साधीसुधी चालत नसे. निळी पिशवी, काळी छत्री असे सांगणाऱ्याला ते बसूसुद्धा देत नसत. निळ्या पिशव्या जगात हजार आहेत. एका बाईंना त्यांनी विचारले होते, "डब्यात काय होतं?" बाई म्हणाल्या, "अहो, तीन आठवडे झाले, मला कसं आठवेल?" त्यावर खूणसाहेब म्हणाले होते, "डब्याला आठवतंय." एका गृहस्थांना आपली कवळी त्यांच्यासमोर तोंडात बसवून, शंभरपासून उलटे आकडे म्हणून दाखवावे लागले होते. एकदाही वस्तू चुकीच्या माणसाच्या हातात गेली नाही, याचा त्यांना केवढा अभिमान! आलेली प्रत्येक वस्तू ते मोजत, न्याहाळत आणि तिच्या खुणा संगणकात टिपून ठेवत. पुढे त्या वस्तूबद्दल स्वतःला काय आठवते याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. पडद्यावर जे आहे ते खरे. नोंद म्हणजे नोंद.

छत्र्यांचे मात्र जरा कठीण होते. छत्रीला खूण ती काय असणार? म्हणून खूणसाहेब काड्या विचारत. लोक गांगरत, बोटांवर मोजत आणि बहुतेक जण अंदाजाने "आठ" म्हणत. खूणसाहेब पडद्याकडे बघत आणि मान हलवत. परिणामी खोलीच्या मागच्या भिंतीला छताला टेकेल एवढा छत्र्यांचा ढीग लागला होता.

तर, लाल अक्षरांसमोर खूणसाहेब बसले असतानाच दारात टेलरमास्तर उभे राहिले. सत्तरीचे, सडपातळ, गळ्यात मोजपट्टी. हे चौथ्यांदा आले होते.

"साहेब, आज शेवटचा दिवस," मास्तर म्हणाले.

"माहीत आहे मला. खूण सांगा."

"तीनदा सांगितली. मोठी कात्री आहे, डाव्या हाताची. आतल्या पात्यावर आकडा कोरलाय, अठ्ठेचाळीस."

"आणि तीनदा मी सांगितलं, की आकडा चुकतोय. आकडा आहे, हे बरोबर. पण अठ्ठेचाळीस नाही."

"मग किती आहे?"

"ते मी कसं सांगू? खूण मालकानेच सांगायची असते."

मास्तर बाकावर टेकले. "माझ्या वस्तादांनी स्वतः कोरलाय हो. मी त्यांचा अठ्ठेचाळिसावा चेला, शेवटचा. मी डावखुरा म्हणून त्यांनी ती मुद्दाम घडवून घेतली. दुसऱ्या कात्रीनं मला कापता येत नाही. कापड सरळ जातं, मी वाकडा जातो. चाळीस वर्षांत कुणाचं कापड वाया घालवलं नव्हतं, या तीन महिन्यांत तिघांचं घालवलं. आता दुकान उघडतो आणि नुसता बसून राहतो."

खूणसाहेब दगड नव्हते. त्यांना वाईट वाटले, चांगलेच वाटले. पण नव्वद दिवसांत मालक पटला नाही की वस्तू जाळीच्या कपाटात जाई, आणि दर महिन्यात एका सोमवारी चार वाजता गाडी येऊन त्या कपाटातले सगळे भट्टीकडे घेऊन जाई. आज तो सोमवार होता आणि कात्रीचा नव्वदावा दिवस. कपाटाचे कुलूप संगणकातूनच उघडत असे. गाडीवाल्यांकडे मात्र त्यांची स्वतःची चावी होती. त्यांना खूण कुणी विचारत नसे.

"बसा मास्तर," ते म्हणाले. "नीट आठवा. चारपर्यंत वेळ आहे. तोवर मी जरा हे खातं उघडून घेतो."

तेवढ्यात कंडक्टर आला आणि सकाळच्या वस्तू टेबलावर ठेवून गेला. एक चप्पल, एक पाण्याची बाटली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली लांबट चपटी वस्तू. फळीबिळी असावी. खाते उघडल्याशिवाय नोंद नाही, आणि नोंदीशिवाय पुडके सोडायचे नाही हा खूणसाहेबांचाच नियम. त्यांनी ते तसेच टोपलीत ठेवले आणि मदतकेंद्राला फोन लावला.

लाइन दुपारी एकदाची लागली आणि चाळीस मिनिटे बासरी ऐकल्यावर एका मुलीचा गोड आवाज आला. "नमस्कार सर. काय मदत करू?"

"कालपासून नवी सिस्टिम आलीय, आणि माझं खातं उघडत नाही."

"आपण कोण बोलताय?"

"मी बोलतोय. ज्याचं खातं आहे तो."

"असं आपण म्हणताय, सर. पण आपण आपणच आहात याची मला खात्री करून घ्यावी लागेल. आपण खातं उघडताना तीन गुप्त प्रश्नांची उत्तरं भरली होती, तीच आता द्यायची."

मुलगी कामाची दिसते, असे खूणसाहेबांच्या मनात आले. इतक्या वर्षांत समोरच्या माणसावर मुळीच विश्वास न ठेवणारे दुसरे कुणी त्यांना भेटले नव्हते.

"प्रश्न पहिला. आपल्या लहानपणीच्या जिवलग मित्राचं नाव?"

आणि खूणसाहेबांना घाम फुटला. अकरा वर्षांपूर्वी, संगणक आला त्या दिवशी, हे प्रश्न भरताना त्यांनी डोके चालवले होते. मित्राचे खरे नाव काय, गल्लीतला कुणीही सांगेल. खूण अशी हवी की चोराला सात जन्मांत सुचू नये. म्हणून खोलीत जी वस्तू नजरेला पडेल तिचे नाव त्यांनी उत्तर म्हणून ठोकून दिले होते. चोराला ते खरेच सुचले नसते. आता त्यांनाही सुचत नव्हते.

"एक मिनिट हं," ते फोनवर म्हणाले आणि हाताने फोन झाकून ओरडले, "ताई! अहो ताई!"

शेजारच्या खिडकीत चौकशीताई बसत. दिवसभर माइकवरून गाड्या पुकारणे हे त्यांचे काम. त्या आल्या, स्टुलावर चढल्या आणि कपाटावरची जुनी कागदी वही काढून त्यांनी ते पान उघडले. त्या दिवशी खोलीत काय काय होते, त्याची यादी खूणसाहेबांच्याच अक्षरात होती. डावा बूट. बिनशिट्टीचा कुकर. बाहुलीचे डोके. मासे पकडायचा गळ.

"सर, आपण आहात ना फोनवर?"

"आहे, आहे. लहानपणीचा मित्र..." खूणसाहेबांनी डोळे मिटले. "डावा बूट."

पलीकडे खटखट वाजले. "बरोबर, सर."

बाकावरून टेलरमास्तरांनी खूणसाहेबांकडे फार कणवेने पाहिले. ज्याच्या बालपणी एवढाच मित्र होता, तो माणूस मोठेपणी असा झाला तर नवल काय, असे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिले होते.

"प्रश्न दुसरा. आपला आवडता रंग?"

"बिनशिट्टीचा कुकर."

"बरोबर, सर. सुंदर. आता शेवटचा. आपल्या आईंचं जन्मगाव?"

हे मात्र त्यांना लख्ख आठवत होते. खोलीत बघून कंटाळा आल्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिले होते आणि समोर बस उभी होती. "आठ नंबरची बस," ते खणखणीत आवाजात म्हणाले.

"चूक, सर."

"चूक कशी? माझ्या डोळ्यांसमोर उभी होती ती!"

"आमच्या नोंदीत तसं नाही. आपण अगदी जवळ आलाय, पण थोडं चुकतंय."

"मग काय आहे नोंदीत? निम्मं तरी सांगा."

"ते मी कसं सांगू, सर? खूण मालकानेच सांगायची असते."

टेलरमास्तरांनी मोजपट्टीची घडी घातली आणि पुन्हा उलगडली. खूणसाहेबांनी त्यांची नजर चुकवली.

"आणखी एक मार्ग आहे," मुलगी म्हणाली. "आपल्या पत्नींचा नंबर इथे दिसतोय. त्यांना फोनवर घेते. त्यांनी आपल्याला ओळखलं की झालं."

खूणसाहेबांनी सुटकेचा श्वास सोडला. घंटी वाजली आणि घरून आवाज आला, "कोण बोलतंय? लवकर बोला, गॅसवर दूध आहे."

"मॅडम, फोनवर एक गृहस्थ आहेत. ते आपले पती आहेत का?"

"अगं, मीच आहे!" खूणसाहेब मध्येच म्हणाले.

"आवाज त्यांचा वाटतो खरा. काय हरवलंय त्यांचं?"

"खातं, मॅडम."

पलीकडे बराच वेळ हसू ऐकू आले. मग बाई म्हणाल्या, "गेल्या महिन्यात माझा चष्मा यांच्याच खिशात निघाला, तर मला म्हणाले, काड्यांचा रंग सांग. आता विचारा त्यांना खूण. चांगली दहा वेळा विचारा."

"अगं, चेष्टेची वेळ नाही ही!"

"मॅडम, आपल्या पतींची एखादी ठळक खूण सांगाल?"

"टक्कल," बाई क्षणाचाही विचार न करता म्हणाल्या. "या कानापासून त्या कानापर्यंत."

मुलीने पुन्हा कळा खटखटवल्या. "मॅडम, नोंदीतल्या फोटोत यांना दाट केस आहेत. मधोमध भांग, कपाळावर झुलूप."

"झुलूप?" बाईंचा आवाज एकदम हळवा झाला. "मग तो हा नव्हे, बाळ. तो कुठे सापडला तर मला आधी कळव. अगं बाई, दूध!" आणि फोन बंद झाला.

"सर," मुलगी जड आवाजात म्हणाली, "सांगायला वाईट वाटतंय, पण आपल्या पत्नींनी आपल्याला ओळखलेलं नाही. मला याची संशयास्पद म्हणून नोंद करावी लागेल. आता पासवर्ड टाकायची आपल्याला फक्त एक संधी आहे. ती चुकली, तर खातं चोवीस तास बंद. आपला दिवस आनंदात जावो."

दुपारचे दोन वाजून गेले होते. खूणसाहेबांनी डेपो मॅनेजरांना फोन लावला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "पण तुम्ही बोलताय कशावरून?" खूणसाहेबांनी फोन ठेवून दिला. टेबलावर नवा कीबोर्ड चकाकत होता. त्यांनी बोट पुढे नेले आणि मागे घेतले. पुन्हा नेले, पुन्हा मागे घेतले. आपला बिल्ल्याचा नंबर खरंच पंधराशे अठ्ठ्याऐंशी आहे ना, अशी शंका त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आली. खिशातून बिल्ला काढून त्यांनी तो वाचला. तेवढ्याने समाधान झाले नाही, म्हणून चौकशीताईंना वाचायला लावला.

"एक विचारू का, साहेब?" बाकावरून टेलरमास्तर म्हणाले.

"विचारा."

"परवापर्यंत चालत होतं?"

"अगदी व्यवस्थित."

"मग काय बदललं?"

"सांगितलं ना, सिस्टिम बदलली."

"आणि हे?" मास्तरांनी डाव्या हाताच्या बोटाने कीबोर्ड दाखवला. "हे तर अगदी कोरं दिसतंय."

"हो, कालच बसवला."

"तसं म्हणा की! हत्यार बदललंय तुमचं. माझी कात्री गेली तेव्हा माझंही असंच झालं. हात तोच, माप तेच, आणि बाही आली वाकडी. तुमचं जुनं हत्यार कुठाय?"

"तो माणूस घेऊन गेला. वर्तमानपत्रात गुंडाळून..." खूणसाहेबांचे वाक्य अर्धेच राहिले. तिघांच्याही नजरा एकदम टोपलीकडे गेल्या.

चौकशीताईंनी पुडके आधी उचलले. खूणसाहेबांनी हात पुढे केला, तशा त्या एक पाऊल मागे सरल्या. "अं हं. खूण सांगा."

"ताई, तीन वाजायला आलेत!"

"बेवारस वस्तू आहे, साहेब. बसमध्ये सापडलेली. कुणीही येऊन माझी म्हणेल. काळा कीबोर्ड जगात हजार आहेत."

खूणसाहेबांनी मास्तरांकडे मदतीसाठी पाहिले. मास्तरांनी छताकडे पाहिले. शेवटी खूणसाहेब हळू आवाजात म्हणाले, "डाव्या कोपऱ्यावर चहाचा गोल डाग आहे. लांब पट्टीच्या कळीवर मधोमध खळगा पडलाय, माझ्या अंगठ्याचा."

ताईंनी कागद सोडला, डाग पाहिला, खळग्यात स्वतःचा अंगठा घालून पाहिला आणि पुडके त्यांच्या हातात दिले. "पटली ओळख. न्या."

जुना कीबोर्ड जोडला गेला. खूणसाहेबांनी हात रुमालाला पुसले. एक, पाच, आठ, आठ. प्रत्येक कळ त्यांनी जुन्या सवयीने आपटली.

'सुस्वागतम्,' पडदा म्हणाला.

ताईंनी टाळ्या वाजवल्या. मास्तरांनी कुणाला नमस्कार करावा हे न सुचून संगणकालाच केला. खूणसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि ते त्यांनी लपवले नाही. सबंध दिवसात त्यांना ओळखणारे पहिले कुणी भेटले होते.

आनंद ओसरला तेव्हा तीन वाजून दहा मिनिटे झाली होती. त्यांनी जाळीचे कपाट उघडले, कात्री काढून टेबलावर ठेवली आणि तिची नोंद समोर आणली. 'शिंप्याची कात्री, मोठी. आतल्या पात्यावर कोरलेला आकडा : ४.'

"मास्तर, शेवटचं विचारतो. आकडा?"

"अठ्ठेचाळीस," मास्तर म्हणाले. "दुसरं काय सांगू, साहेब? खोटं सांगू?"

एरवी खूणसाहेबांनी मान हलवली असती. पण आज सकाळपासून ते स्वतः खरे बोलत होते आणि चूक ठरत होते. एकोणीस वर्षांत कधी केले नाही ते त्यांनी केले. नोंद बाजूला ठेवून त्यांनी वस्तूकडे पाहिले. कात्री उघडली, आतले पाते खिडकीच्या उजेडात धरले. पात्यावर चार होता. आणि चारच्या शेजारी, तितकाच खोल आणि तितकाच स्पष्ट, आठ होता.

खूणसाहेबांनी पडद्याकडे पाहिले. चार. पात्याकडे पाहिले. अठ्ठेचाळीस. मग त्यांनी कीबोर्डच्या वरच्या ओळीतली आठची कळ दाबली. पडद्यावर काही उमटले नाही. आपटली. काही नाही. सातची दाबली, सात आला. नऊची दाबली, नऊ आला. आठवर दोन्ही अंगठे रोवून ते उभे राहिले, तरी पडदा कोराच.

ती कळ आज मेली नव्हती. ती पहिल्यापासून मेलेलीच होती. एका बोटाने टाइप करताना खूणसाहेबांची नजर कळांवर असे, पडद्यावर कधीच नसे. अकरा वर्षे ते रोज एक-पाच-आठ-आठ दाबत होते आणि संगणक एक-पाच ऐकून दार उघडत होता. नव्या कीबोर्डाने पहिल्यांदाच त्यांचे सगळे ऐकून घेतले, म्हणून सगळा घोळ झाला. आठचा आकडा गळून आईच्या जन्मगावी नुसतीच 'नंबरची बस' उभी होती. आणि मास्तर तीनही वेळा खरे बोलले होते.

खूणसाहेब खाली बसले. त्यांना इतकी लाज वाटली की टेबलाखाली जाऊन बसावे असे झाले.

"ताई," ते म्हणाले, "छत्रीला काड्या किती असतात हो?"

"आठ. सगळ्यांनाच आठ असतात. का?"

खूणसाहेबांनी मान वळवून मागच्या भिंतीकडे पाहिले. मग ताईंनी पाहिले. मग मास्तरांनी. छताला टेकलेला तो ढीग तिघांकडे बघत राहिला.

"पडद्यावर काड्यांची जागा रिकामी दिसायची," खूणसाहेब पुटपुटले. "मला वाटायचं, ही छत्री मोजायची राहून गेली. न मोजलेली छत्री कुणाला द्यायची कशी, आणि भट्टीत तरी पाठवायची कशी?"

"मग मोजायची ना पुन्हा!"

"नोंदीत ढवळाढवळ करायची नाही असा नियम आहे."

"कुणाचा?"

"माझाच."

त्यांनी उठून दोन्ही हातांनी कात्री मास्तरांपुढे धरली. मास्तरांनी ती डाव्या हातात घेतली, खिशातून चिंधी काढली आणि एकदाच कात्री चालवली. चिंधीचे सरळ दोन तुकडे झाले. मास्तर त्या तुकड्यांकडे असे बघत राहिले, की ताईंनी उगाच खिडकी पुसायला घेतली.

"चुकलं माझं," खूणसाहेब म्हणाले. "तीन महिने बसवलं तुम्हाला."

"हत्यारच खोटं होतं, त्याला तुम्ही काय करणार?" मास्तर म्हणाले. दारापर्यंत जाऊन ते थबकले. "साहेब, आता विषय निघालाच आहे म्हणून. पाच वर्षांपूर्वी माझी एक छत्रीपण..."

"काड्या किती?" खूणसाहेबांच्या तोंडून निघून गेले. त्यांनी जीभ चावली.

चारला दहा कमी असताना संगणकवाला धापा टाकत आला. "साहेब, काल तुमच्याकडून निघालो आणि एक पुडकं बसमध्ये राहिलं. जुना कीबोर्ड. जमा केला नाही तर माझ्यावर येईल."

ताईंनी खूणसाहेबांकडे पाहिले. हा कीबोर्ड मुख्य कार्यालयात गेला, कुणी तपासला, तर एकोणीस वर्षांच्या चोख कामाचा बोऱ्या वाजणार होता. नुसते "खूण सांगा" म्हटले असते तर हा बिचारा "काळा" म्हणाला असता आणि कीबोर्ड नव्वद दिवसांनी भट्टीत गेला असता. खूणसाहेबांनी तोंड उघडले, मिटले, आणि नवा कीबोर्ड जोडून जुना सुटा केला.

"आठची कळ मेलीय त्याची," ते म्हणाले. "ही खूण. पुढे कुणी विचारलं तर तुम्हाला सांगता यावी."

"ते माहीत आहे हो!" संगणकवाला हसला. "पहिल्यापासूनच मेलीय. खराब मालाच्या खोक्यातला होता तो, चुकून तुमच्याकडे बसवला गेला. दुसऱ्याच आठवड्यात लक्षात आलं आमच्या."

"मग बदलला का नाही?"

"तुमची तक्रार कुठे आली? आम्ही म्हटलं, यांना आठ लागत नसेल."

चारच्या ठोक्याला भट्टीची गाडी भोंगा वाजवत आली. खूणसाहेब छत्र्यांच्या ढिगापुढे हात पसरून उभे राहिले आणि गाडीवाल्यांना म्हणाले, की आज इथून छत्रीची एक काडीही जाणार नाही. गाडीवाले बाकीचे सामान घेऊन कुरकुरत गेले. मग ताई आपल्या खिडकीत जाऊन बसल्या, आणि डेपोभर कर्ण्यातून आवाज घुमला. "लक्ष द्या. गेल्या अकरा वर्षांत ज्यांच्या छत्र्या हरवल्या असतील, त्यांनी 'हरवले-सापडले' खोलीत यावे. पुन्हा सांगते, गेल्या अकरा वर्षांत..."

पंधरा मिनिटांत रांग टायरच्या गोदामाला वळसा घालून गेली. त्यात ड्रायव्हर होते, कंडक्टर होते, परवा छत्री हरवलेले होते आणि हरवलेली छत्री विसरून गेलेले होते. सगळ्यात पुढे टेलरमास्तर.

खूणसाहेब खुर्चीत ताठ बसले. "खूण सांगा. काड्या किती?"

"आठ," मास्तर म्हणाले.

"बरोबर."

"आठ," पुढचा म्हणाला.

"बरोबर."

"आठ."

"बरोबर."

तिसाव्या-चाळिसाव्या माणसामागून एक आजी पुढे आल्या. त्यांनी खूणसाहेबांकडे भीतभीत पाहिले. "मी पूर्वी एकदा येऊन गेलेय," त्या म्हणाल्या. "तेव्हाही मला सांगता आलं नव्हतं. मी कधी मोजल्याच नाहीत हो काड्या."

खूणसाहेबांनी इकडे-तिकडे पाहिले आणि टेबलावरून पुढे वाकून आजींच्या कानाशी तोंड नेले.

"मी मोजल्यात, आजी," ते कुजबुजले. "आठ म्हणा."

"आठ," आजी म्हणाल्या.

"बरोबर," खूणसाहेब म्हणाले, आणि त्यांनी छत्री उघडून, नीट चालते ना ते पाहून, आजींच्या हातात दिली.